गंधाची पावली

तातेरावांची घोडी डोंगरातून जिवंत परत आणायची, एवढंच काम घेऊन आम्ही दोघे निघालो होतो. मी आणि माझा चुलतभाऊ भुजंग.

तातेराव म्हणजे आमच्या भजनी मंडळाचे पखवाजवाले. दिवसा टांगा हाकायचे, सांजेला आमच्या पिंपळगाव रेणुकाई गावच्या देवळात पखवाज धरायचे. त्यांची म्हातारी घोडी मरताना एक लेकरू मागं ठेवून गेली, तीच ही गंधा. दीड वर्षाची, अंगानं लाल, कपाळावर गंध लावल्यासारखा उभा पांढरा पट्टा. १९९२ च्या उन्हाळ्यात एका वरातीत कुणा हौशी माणसानं फटाक्यांची लड नेमकी तिच्या पायाशी पेटवली. गंधा उधळली! तातेरावांनी दावं सोडलं नाही, ते फरफटत गेले आणि मांडीचं हाड मोडून बसले. दावं तुटलं, घोडी अजिंठ्याच्या डोंगरात शिरली.

प्लास्टरात पडलेल्या त्या माणसानं स्वतःच्या पायाचं नाव काढलं नाही. मला जवळ बोलावून म्हणाले, "बद्री, ती आता माणसालाच भिऊन राह्यली. आन् वर लांडगे हायेत. तिच्या मायीला म्या शबद देल्ता, लेकरू सांभाळीन म्हणून."

"आणतो, काका," मी म्हणालो.

त्यांच्या बायकोनं, कांताकाकूंनी, भाकरी, ठेचा आणि गुळाचा खडा बांधून दिला. भुजंगानं खांद्यावर दोर टाकला. मी पिशवीत टाळ घातले.

"टाळ कशाला, दादा? घोडीला कीर्तन सांगतो का?"

"सांजेचा नेम चुकू न्हाई म्हणून. तू घसा घेतलास ना सोबत? मंग झालं."

भुजंगाचा घसा ही देवाची देणगी. कीर्तनाच्या शेवटी जयघोष देण्याचा मान त्याचाच. तो 'पुंडलिक वरदा' म्हणाला की देवळाच्या शिखरावरची कबुतरं उठायची आणि झोपलेली म्हातारी माणसं दचकून 'हरी विठ्ठल' म्हणायची.

चढण उघडीबोडकी होती. खडक तव्यासारखे तापलेले, करवंदीच्या जाळ्या धोतराला धरून ठेवायच्या, आणि दूरवर उन्हाच्या झळांत खालचं गाव पाण्यात बुडाल्यासारखं हलत होतं. दुपारी पुंजाराम धनगर मेंढरं घेऊन खाली उतरताना भेटला.

"झिऱ्यावर येती ती पाण्याला," तो म्हणाला. "पण जल्दी करा. काल माझं कोकरू नेलं लांडग्यानं. आता मेंढरं खाली चालली, मंग डोंगरात ती एकलीच उरंल."

आम्ही पाय उचलले.

झिऱ्यावर गंधा दिसली तेव्हा माझा जीव गलबलला. बरगड्या मोजता येत होत्या. अंगावर काट्यांचे ओरखडे, गळ्यात तुटक्या दाव्याचा तुकडा. भुजंगानं गूळ दाखवला, ती पळाली. फास टाकला, ती पळाली. मी मागनं गेलो, ती पुढं गेली. मी थांबलो, तीही दगडांपलीकडं थांबली, कान टवकारून आमच्याकडं बघत. दिवस कलेपर्यंत हेच चाललं. पायात त्राण उरलं नाही.

"नेमाची वेळ झाली," मी म्हणालो. "दोर ठेव खाली."

मावळतीकडं तोंड करून आम्ही उभे राहिलो. मी टाळ हलकेच धरले. रामकृष्ण हरी. भजनात आम्ही पावली खेळतो ती सुरू झाली. दोन पावलं पुढं, एक पाऊल मागं. देवाच्या नावात सगळा शीण उतरत गेला, आणि खरं सांगतो, घोडीचा मला विसरच पडला.

तेवढ्यात मागं खडकावर टाप वाजली. टप, टप. मग शांतता. पुन्हा टप, टप.

तातेराव पखवाजाचा सराव गोठ्यातच करायचे. हा ठेका तिनं जन्मल्यापासून ऐकला होता! मी वळलो नाही. मी मागचं पाऊल टाकलं, तिनं पुढचं टाकलं. मानेवर ऊन ऊन श्वास आला. भुजंगाचे डोळे पाण्यानं भरले. नेम संपला, टाळ थांबले, आणि भक्तीनं उचंबळलेल्या त्या बहाद्दरानं छाती भरून आरोळी ठोकली,

"बोला पुंडलिक वरदा ऽऽऽ!"

सगळा डोंगर घुमला. गंधा गेली! ठिणग्या उडवत ती कड्याच्या अरुंद वाटेवर शिरली आणि दिसेनाशी झाली.

भुजंग मटकन खाली बसला. "सवयीनं निघालं, दादा."

"देवाला ऐकू गेलं असंल," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार!

ती वाट आम्हाला माहीत होती. पुढं ती तुटलेली होती. टोकाला एका खोलीएवढा सपाट खडक, खाली खोल दरी. आम्ही वाटेच्या तोंडाशी शेकोटी करून रात्र काढली. उजाडलं तेव्हा गंधा त्या खडकावर थरथरत उभी होती. पुढं रस्ता नाही, मागं यायची हिंमत नाही. आणि विझत्या शेकोटीपलीकडं दोन लांडगे येऊन बसले होते.

"दादा, ओरडून हाकलतो."

"बिलकुल न्हाई! तू ओरडलास की ती दरीत उडी घेईल."

भुजंगानं माझ्याकडं पाहिलं. मग उपरण्याचा बोळा करून स्वतःच्या तोंडात कोंबला, काठी उचलली आणि लांडग्यांसमोर जाऊन उभा राहिला. आमच्या पंचक्रोशीतला सगळ्यात मोठा आवाज, तोंड बांधून!

मी कड्याच्या भिंतीला पाठ घासत वाटेवर आत गेलो. खडकाच्या अलीकडं थांबलो. गंधाकडं बघितलं नाही, पाठ केली. टाळांचा बारीक ठेका धरला. दोन पावलं पुढं, एक मागं.

काही नाही.

पुन्हा. दोन पुढं, एक मागं. रामकृष्ण हरी.

टप, टप.

ती निघाली! वाट जेमतेम हातभर रुंद. एक धोंडा तिच्या टापेखालून सुटला. दरीत गडगडत गेला. ती थबकली. मीही थबकलो. पुढं पळावं असं पायांना वाटत होतं, पण पावलीचा नियम मोडला नाही. मागचं पाऊल टाकलं. माझ्या खांद्यावर काहीतरी ओलं, जड टेकलं. तिचं तोंड! आपला सगळा भार तिनं माझ्यावर सोडला होता. मी आयुष्यात देवाकडं पुष्कळ मागितलं आहे. त्या क्षणी मात्र मागायला काही उरलं नव्हतं.

वाटेच्या तोंडाशी आलो तेव्हा भुजंगाची काठी हवेत नुसती फिरत होती, तोंडातून अवाक्षर नाही. एक लांडगा झेपावला, काठी नाकावर बसली. दोघेही करवंदीत पसार झाले. भुजंगानं बोळा काढला, तोंड उघडलं, गंधाकडं बघितलं आणि गपकन मिटलं.

"दोर घालू का?" त्यानं कुजबुजत विचारलं.

"नको. तो इथंच राहू दे."

उतरणीला टाळ वाजत होते आणि ती मोकळी मागं येत होती. घरी तिनं प्लास्टर हुंगलं. तातेरावांनी तिच्या कपाळावरच्या पट्ट्यावरून बोट फिरवलं. मग आमच्या दोघांच्या पाया पडायला वाकू लागले, तेव्हा कांताकाकूंनीच त्यांना दटावलं, "अवं, हाड जुडू द्या आधी."

पुढच्या एकादशीला देवळात कीर्तन ठेवलं. तातेराव बाजेवर पडून, गंधा बाहेर लिंबाखाली. कीर्तनकार महाराजांना सगळी हकिगत सांगितली होती. समाप्तीला त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि भुजंगाकडं बघितलं. भुजंगानं हात जोडून अगदी हळू म्हटलं, "पुंडलिक वरदा..."

आणि अख्ख्या गावानं, पोराबाळांसकट, कुजबुजत म्हटलं, "हरी विठ्ठल."

मग लिंबाखालून गंधा अशी खणखणीत खिंकाळली की शिखरावरची सगळी कबुतरं उडाली.

"घ्या," भुजंग म्हणाला. "तिला मुभा, मनाई मलाच."

बाजेवर तातेराव हसत होते, आणि डोळे पुसायला त्यांना भुजंगाचंच उपरणं लागलं.