एकशे सोळा मिलिमीटर

ही घटना खरी आहे. माझ्या मावशीच्या बाबतीत घडलेली.

मावशी चौतीस वर्षं प्रसूतीच्या वॉर्डात नर्स होती. तिथे तिला सगळे 'मोठ्या सिस्टर' म्हणत. माझं जन्माचं वजन तिनेच केलं, आणि आजीने कितीही डोळे वटारले तरी दहा ग्रॅमसुद्धा वाढवून लिहिलं नाही. अशी बाई पदरचं घालून गोष्ट सांगेल, यावर माझा तरी विश्वास नाही.

रात्र-बित्र काही नव्हती. मंगळवार होता. दुपारचे सव्वातीन. भेटायला येणाऱ्यांची वेळ संपलेली, चहा यायचा बाकी.

त्याआधी मावशीच्या कामाबद्दल दोन शब्द.

ज्यांचं बाळ पोटातच जातं, किंवा जन्मून राहत नाही, त्या बायका मावशीच्या वाट्याला यायच्या. तसं कुणी ठरवलेलं नव्हतं. बाकीच्या नर्सना नेमकं त्याच वेळी दुसरीकडे काम निघायचं, एवढंच.

मावशी बाळाला कोमट पाण्याने पुसायची. कपडे घालायची. आईला विचारायची, "घेता का जरा?" नको म्हटलं तर आग्रह नाही. हो म्हटलं तर घड्याळाकडे बघायचं नाही.

'दुसरं होईल' हे वाक्य तिने वॉर्डात बंद करून टाकलं होतं. एक आत्याबाई तरीही म्हणाल्याच. मावशीने शांतपणे विचारलं, "तुम्हाला दोन आहेत ना? त्यातलं एक गेलं तर चालेल?"

आत्याबाई पुन्हा त्या वॉर्डात दिसल्या नाहीत.

मग ठसा. डाव्या पायाला शाई लावून जाड कार्डावर एकच ठसा घ्यायचा. टाचेपासून अंगठ्यापर्यंत पट्टी लावून लांबी वहीत लिहायची. कार्डाच्या मागे तारीख, खाटेचा नंबर, सही. पाकीट डिंकाने बंद.

निम्म्या बायका ते पाकीट त्या दिवशी नेत नाहीत. मावशी ते कपाटात जपून ठेवायची. माणसांचा तिचा अंदाज पक्का होता. जी पहिल्या दिवशी 'फेकून द्या' म्हणते, ती हमखास परत येते. कुणी सहा महिन्यांनी, कुणी सहा वर्षांनी. नवरा वर येत नाही. खाली गाडीत बसून राहतो आणि ती आली की 'मिळालं?' एवढंच विचारतो.

त्या मंगळवारी सहा नंबरच्या खाटेची बाई आली.

तिचं बाळ जाऊन चौदा महिने झाले होते. मुलगी. दिवस पूर्ण भरलेले, वजन दोन किलो सहाशे चाळीस. मुलगी रडली नाही. आईही रडली नाही. तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडली होती, आणि निघताना म्हणाली होती, "न्यायचं नाही मला काही."

मावशीने तिला बाजूच्या लहान खोलीत बसवलं. पाणी दिलं. मग कपाटाकडे गेली.

वहीशी ताडून पाहिल्याशिवाय कार्ड हातात द्यायचं नाही, हा तिचा नियम. भलत्या बाळाचा पाय भलत्या आईकडे गेला, तर ती चूक कुणाला कळणारही नाही. ती आई जन्मभर दुसऱ्याच कुणाच्या पायाला कुरवाळत बसेल.

पाकीट सापडलं. डिंक शाबूत होता.

तिने कार्ड बाहेर काढलं...

ठसा कार्डभर होता.

नवजात बाळाचं पाऊल कार्डाच्या मधोमध असतं, भोवती कोरा कागद. इथे टाच खालच्या कडेशी गेलेली. बोटं वरच्या.

मावशीने पट्टी लावली. एकशे सोळा मिलिमीटर.

वही उघडली. शहात्तर.

कार्ड उलटं केलं. तारीख तीच. खाट सहा. सही तिचीच.

तेवढ्यात वॉर्डातली आया डोकावली. तिला सगळे 'रेडिओ' म्हणायचे, कारण बंद करायचं बटण नव्हतं.

"अगं बाई! हे कुणाचं? हा तर चालत्या पोराचा पाय."

"माहितीये मला."

"कार्ड बदललं असेल, मोठ्या सिस्टर. माणूसच आहात तुम्ही पण. आमच्या जाऊबाईंनी तर एकदा शाळेतून शेजारणीचा—"

"कुणाशी बदलेल? या कपाटात वर्षाच्या पोराचा ठसा आलाय कधी?"

"मग ओल धरली असेल. शाई पसरली असेल."

मावशीने कार्ड खिडकीशी धरलं. शाई पसरली नव्हती. कातडीवरची रेघ न् रेघ सुटी दिसत होती. टाच रुंद, चालून चालून घट्ट झालेली. आणि अंगठ्यावर...

एक बारीक पांढरी आडवी रेघ. कापल्यासारखी.

रेडिओ बंद पडला.

कपाटात आणखी अकरा पाकिटं होती. मावशीने अकराही उघडली. एकेक कार्ड मोजलं, एकेक वहीशी ताडलं. अकराही बरोबर. मिलिमीटरचासुद्धा फरक नाही.

शेवटी तिने ठरवलं, खोटं बोलायचं. सापडत नाही म्हणायचं. कार्ड ॲप्रनच्या खिशात घालून ती त्या खोलीत गेली.

बाई तशीच बसली होती. पाण्याला हात लावला नव्हता.

"सापडलं नाही का?"

"शोधतेय. पुढच्या आठवड्यात एकदा चक्कर मारलीत तर..."

"सिस्टर, मला ते ठेवायला नकोय. नुसतं जुळवायचंय."

तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. त्यावर पेन्सिलीने एक आकार काढलेला होता.

पावलाचा.

"बाथरूमच्या बाहेर उमटतं," ती म्हणाली. आवाज सपाट. किराणा सांगावा तसा. "ओलं. रोज नाही. मिस्टर म्हणतात, नळ गळतोय. प्लंबर तीनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा तोच म्हणाला, ताई, नळ गळला की डबकं होतं, पाऊल होत नाही."

बाईने कागदाची घडी बोटाने सपाट केली.

"आधी एवढंसं होतं. मग वाढत गेलं. एकच असतं. नेहमी डावं... उजवं कधीच नाही."

मावशीचा हात ॲप्रनच्या खिशावर गेला. ठसा डाव्याच पायाचा घेतला होता. तिनेच.

"मागच्या गुरुवारी ग्लास फुटला हातातून. सगळं झाडलं मी. पण एखादी काच राहिली असणार. शुक्रवारपासून अंगठ्यात एक रेघ दिसते."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते ना." बाईने पहिल्यांदाच मान वर केली. "आपली असेल तर कशाला वाटेल? पण आपली नसली तर? तर मग घरात कोण आहे, सिस्टर?"

खोलीबाहेर ट्रॉलीची चाकं वाजली आणि लांब गेली.

"मी अजून हाक मारलेली नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही. दाराबाहेरच उभी असते, जवळ येत नाही. हाक मारली की येईल, हे कळतं मला. पण कुणाची आहे ते माहीत नसताना कशी मारू?"

आता मावशीच्या हातात दोनच गोष्टी होत्या. वही दाखवली असती, तर शहात्तर आणि एकशे सोळा जुळले नसते. ही बाई घरी गेली असती आणि दाराशी उभ्या असलेल्या कुणा परक्याला घाबरत जगली असती. कार्ड दाखवलं, तर...

वही खोटी नव्हती. कार्डही खोटं नव्हतं. चौतीस वर्षांत असा पेच तिच्यापुढे आला नव्हता.

मावशीने खिशातून कार्ड काढलं आणि पेन्सिलीच्या आकारावर ठेवलं.

टाचेला टाच. बोटाला बोट. केसाचंही अंतर नाही.

"तुमचीच आहे," मावशी म्हणाली.

बाई रडली नाही. खूप वेळ धरून ठेवलेला श्वास सोडावा, तसा फक्त एक आवाज आला. तिने अंगठ्यावरच्या त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"मोठी झालीये, नाही?"

आणि मावशीच्या तोंडून सवयीने गेलं, "वयाच्या मानाने अगदी बरोबर आहे."

"मग आज हाक मारते," ती म्हणाली, आणि कार्ड पर्समध्ये ठेवून निघून गेली.

मावशीने वहीत 'कार्ड दिले' एवढंच लिहिलं. रेडिओने मात्र कुणालाच काही सांगितलं नाही. वॉर्डातल्या जुन्या बायका अजून म्हणतात, आयाला त्या आठवड्यात बरं नव्हतं.

हे सगळं मावशीने मला आपणहून सांगितलं नसतं. सांगावं लागलं.

मागच्या महिन्यात आम्ही दोघं बाजारातून परत येत होतो. भर सकाळ. सिग्नलला आमच्या पुढे एक बाई उभी होती. एकटी. एक हात अंगापासून जरा लांब, खाली सोडलेला. बोटं अर्धवट मिटलेली.

मावशीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की पिशवी पडता पडता वाचली.

सिग्नल सुटला. बाईने दोन्हीकडे पाहिलं. एक पाऊल टाकलं. मग थांबली, खाली वाकली, आणि दमलेल्या आवाजात म्हणाली...

"हात सोडायचा नाही म्हटलं ना?"

मी स्वतः ऐकलं ते.

ती पलीकडे गेली. आम्ही तिथेच. सिग्नल पुन्हा लाल झाला, पुन्हा सुटला. मग मावशीने सगळं सांगितलं, तिथेच खांबाला टेकून.

मी विचारलं, "पण तू हो म्हणालीस, ते बरोबर केलंस का?"

तिने रस्त्याच्या पलीकडे पाहिलं.

"वैतागली होती, ऐकलंस ना? म्हणजे पोर खोडकर आहे," ती म्हणाली, आणि हसलीसुद्धा.

पण घरी पोचेपर्यंत तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मी वळायला लागलो, तर माझीही मान धरून सरळ केली.