अंगावरून गेलेलं वारं

"उघडू नगंस ती खिडकी! यकदा वारं घालून ह्यांचं अर्धं अंग नेलंस, आता उरलेलं बी नेतीस काय?"

साळूबाईंचा आवाज कडाडला आणि धनश्रीने पुढे केलेला हात मुकाट्याने मागे घेतला. ऐन वैशाखात बेलापूरच्या त्या पत्र्याच्या खोलीत जीव नकोसा होत होता. पण सासऱ्यांच्या, कारभारींच्या खाटेजवळ झुळूकसुद्धा फिरकू द्यायची नाही, हा सासूचा दंडक! दोन उन्हाळ्यांपूर्वी सुनेने सासऱ्यांच्या उशाशी कूलर लावला आणि त्याच दुपारी त्यांच्या अंगावरून वारं गेलं... उजवं अंग लुळं, वाचा बंद! तेव्हापासून दारी येणाऱ्या प्रत्येकाला साळूबाई सुनेचा तो अपराध सांगत. धनश्री खालमानेने ऐकून घेई. खरं काय ते तिला ठाऊक होतं. पण ते तिने नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

आणि आज बघता बघता कारभारींचे डोळे फिरले, तोंडातून फेस आला!

श्रीरामपूरच्या दवाखान्यात, कारभारींच्या खोलीतच डॉक्टरांनी दोघींना समोर बसवलं.

"आजी, हे वारं नव्हे. मेंदूतली बारीक रक्तवाहिनी फुटलीय. पाण्याचा दाब वाढला की ठिबकची नळी फुटते ना, तसंच. मागच्या वेळीही हेच झालं होतं. तेव्हा प्रेशरच्या गोळ्या चालू होत्या?"

धनश्री घाईने मधे पडली. "डॉक्टर, ते आता कशाला..."

"तू गप! मी सांगते की," साळूबाई ठसक्यात म्हणाल्या. "उन्हाळा हुता. त्या गोळ्या लई गरम पडत्यात, म्हनून मीच बंद केल्या हुत्या. चांगलं महिनाभर..."

बोलता बोलताच साळूबाईंचा चेहरा हळूहळू पांढराफटक पडत गेला. दाब... नळी... गोळ्या...

"धना... तुला ठावं हुतं?"

"न्हाई आत्याबाई! कूलरच लई जोरात हुता. मीच लावला हुता... माझंच चुकलं!"

"आता तरी खोटं बोलू नगंस गं!" साळूबाईंनी हंबरडा फोडला. "मी तुला चारचौघांत बदनाम केलं, तुझ्या आईबापाचा उद्धार केला... आन् तू तोंडातून अवाक्षर काढलं न्हाईस?"

"काय सांगायचं हुतं?" दोन वर्षं कोंडलेला हुंदका धनश्रीला आवरेना. "मामा तर अंथरुणाला खिळलेच हुते. हे कळलं असतं तर तुमी अन्नपानी सोडलं असतं. मला तुमा दोघांस्नी बी गमवायचं न्हवतं, आत्याबाई!"

साळूबाई उठल्या. भिंतीला धरत नवऱ्याच्या खाटेशी गेल्या, त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. "अवो, आयकता का? मीच... मीच ओ!" पण ते बेशुद्ध होते, आता कशालाही ओ देणार नव्हते. त्या गर्रकन वळल्या आणि डॉक्टरांपुढे पदर पसरला.

"गोळी द्या की डॉक्टर! कितीबी गरम पडू द्या, मी माज्या हातानं देते!"

"आजी... आता त्यांना गिळता येत नाही."

धनश्रीने पुढे होऊन सासूला पोटाशी धरलं. दोघी कितीतरी वेळ तशाच रडत उभ्या राहिल्या.