मगावरची निळी पट्टी

“ताई, लवकर ये. मला आत घेतच नाहीये!”

कुनमनाराचा आवाज ऐकला आणि वेनिता दुकान अर्धवट झाडून चित्रकेंद्राकडे धावली. पोलिसातली नोकरी सोडून तिला वर्षं झाली, तरी वस्तीत काही हरवलं की हाक तिलाच.

वाळवंटातल्या या आदिवासी वस्तीत कुणी वारलं की त्याचं नाव घेत नाहीत, चेहरा दाखवत नाहीत. त्याच नावाची जी माणसं मागे उरतात, त्यांना सगळे कुनमनारा म्हणू लागतात. केंद्रात चित्रं काढणारी मावशी गेली आणि तिच्या नावाची ही भाचीही कुनमनारा झाली. केंद्राची वेबसाइट हीच सांभाळायची. रडण्याच्या भरात पहिल्या पानावरचा मावशीचा हसरा फोटो काढायचा राहिला. आज आठवलं, तर वेबसाइट बदलायच्या डॅशबोर्डचं दार बंद!

“दुपारी मावशीची लेक ग्लोरीन येतेय,” कुनमनारा म्हणाली. “वस्तीत शिरलं की रेंज येते, आणि ती आधी आईची चित्रं उघडते. आईचा चेहरा असा समोर आला तर काय होईल तिचं?”

“किल्ली आणखी कुणाकडे आहे?”

“मॅनेजर क्रेगकडे. तो ग्लोरीनलाच आणायला गेलाय, वाटेत फोन लागत नाही. आणि लेनर्डमामाकडे.”

“मग मामाला सांग ना.”

“सख्खा भाऊ तो! बहिणीचा फोटो उघड म्हणून सांगू? त्या दिवसापासून पहिलं पान टाळतो तो.”

“क्रेगशी भांडण झालंय तुझं?”

“झालंय तर! आज सकाळी निघताना, मावशीच्या चित्रांचं प्रदर्शन होईपर्यंत फोटो राहू दे म्हणत होता. त्यानेच कुलूप घातलंय, लिहून घे!”

वेनिताने काही लिहून घेतलं नाही. “पुन्हा उघड बघू.”

कुनमनाराने मान वळवली आणि बटण दाबलं.

“तिकडे का बघतेस?”

“जुनं नाव आपोआप भरलं जातं. ते कशाला बघू?”

पडद्यावर लाल ओळ उमटली. वेनिताने ती सावकाश वाचली. मग तिची नजर टेबलावरच्या चहाच्या मगावर गेली. मगावर रंगवलेल्या नावावर निळी चिकटपट्टी होती.

“ही कुणी लावली?”

“मामाने. मावशीच्या खोलीच्या दारावरच्या नावावरही त्यानेच लावली.”

लेनर्डमामा बाहेर झाडाखाली खिडकीकडे पाठ करून बसला होता. वेनिता त्याच्याशेजारी मातीत टेकली.

“मामा, मगावर पट्टी लावलीत. दारावर लावलीत. कॉम्प्युटरमध्येही लावलीत ना?”

म्हाताऱ्याने मान डोलावली. “वेबसाइटच्या सभासदांच्या पानावर ते नाव होतं. मी पुसलं. तिथे कुनमनारा लिहिलं.”

“मामा!” मागोमाग आलेली कुनमनारा ओरडली. “मला सांगायचं तरी!”

“काय सांगायचं? सगळे तुला हीच हाक मारतात, तू ओ देतेस. मग दार वाजवताना दुसरं कुठलं नाव सांगशील?”

“पोरी, तू क्रेगला दोष देत बसलीस,” वेनिता म्हणाली. “पासवर्ड चुकला असं यंत्र म्हणतच नव्हतं. या नावाचं इथे कुणी नाही, असं म्हणत होतं. तू मान वळवलीस, म्हणून ओळ वाचलीच नाहीस. क्रेगला वाईटच करायचं असतं तर त्याने तुला काढून टाकलं असतं. ते नाव बदलायची तळमळ त्याला कुठून असणार? ज्याने मगावरचं झाकलं, त्यानेच आतलं झाकलं.”

कुनमनारा आत पळाली. या नव्या नावाने तिने कधी काही लिहिलं नव्हतं. आता एकेक अक्षर टाइप केलं. पासवर्ड जुनाच होता. दार उघडलं. लाल रस्त्यावर धूळ उठली तेव्हा ती फोटो काढत होती. त्या जागी तिने मावशीचं पाणवठ्याचं चित्र ठेवलं.

गाडी थांबली. ग्लोरीन मोबाइलकडे बघतच उतरली.

“आईचं पाणी,” ती म्हणाली. “तू लावलंस?”

कुनमनाराने होकारार्थी मान हलवली. ग्लोरीनने तिला त्या नव्या नावाने पहिल्यांदाच हाक मारली, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून मोठ्याने रडल्या.