आतून लावलेला रंग

विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. मी भोगलंय, मला ठाऊक.

साल १९९१. भिवंडीतला एक छोटा दवाखाना. मी, हौसा सिस्टर, तिथे कॅज्युअल्टीत ड्युटीला. तोंडाने तिखट म्हणून प्रसिद्ध.

कॅज्युअल्टीच्या दाराला खालपासून वरपर्यंत काच. नातेवाईक काचेला नाक लावून उभे राहायचे. माझं डोकं फिरायचं. एक दिवस मीच त्या काचेला पांढरा ऑइलपेंट फासला. बाहेरून खरवडतील म्हणून आतल्या बाजूने.

"आता बघा म्हणावं!"

तिसऱ्याच दिवशी मुख्तारला आणलं. कापडाच्या लूमच्या पट्ट्यात हात सापडलेला. रक्त थांबेना. दाराजवळच्या खाटेवर त्याला घेतलं. बायको जैनब बाहेर.

"सिस्टर... जैनब को देखना है. बस, एक बार."

"बाहेरच आहे ती. पळून नाही जात. गप पडा."

दार चार पावलांवर होतं हो. उघडलं असतं तर माझं काय जात होतं?

अर्ध्या तासात तो गेला. मग मी दार उघडलं.

पुढचा शुक्रवार. शुक्रवारी लूम बंद, सगळं गाव गप्प. भर दुपारी खोलीत एकही पेशंट नव्हता. मी आणि आमची आयाबाई राहीबाई पट्ट्या गुंडाळत होतो.

खर्र...

दाराकडून.

खर्र... खर्र...

"कोण रंग काढतंय रे?" मी धावत जाऊन दार उघडलं.

बाहेर... कुणीच नाही.

वळले, तर काचेवर रुपयाएवढा गोल. स्वच्छ. राहीबाईने त्यावर बोट फिरवलं आणि तिचा चेहराच उतरला.

"बाय, रंग तर आतून हाय. मंग खरवडला कोनी? आत आपुन दोघीच हाव."

गोल खूप खाली होता...

खाटेवर पडलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर.

त्याच दिवशी मी ब्लेडने सगळा रंग काढला. बाहेर नातेवाइकांना बाकडं टाकलं. आवाज थांबला.

पाच महिन्यांनी, नवरा गेल्यावर घरात पाळायची इद्दत संपल्यावर, जैनब आली. "सिस्टर, जाताना त्यांनी माझ्याबद्दल विचारलं का हो?"

"नाही. शुद्धीत नव्हते," मी म्हटलं.

सरळ खोटं. घाबरले मी.

त्यानंतरच्याच शुक्रवारी खारबावला, माझ्या घरात...

खर्र...

घराच्या दाराला काच नाही. लाकडी आहे. तरी आतून येतो आवाज, आजही. मी उठून दार सताड उघडते, तरी थांबत नाही.

जैनब अजून भिवंडीतच राहते. दोनदा तिच्या गल्लीपर्यंत जाऊन मी परत आले.