वाकलेलं कणीस

"हे खोटं आहे!"

जुई इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या चटईवर चिरमुरे खात बसलेल्या दोन आज्या दचकल्या.

मी तिच्या हातातला फोन घेऊन पाहिला. फोटो तर सुरेख होता. काळंभोर आकाश आणि त्यात डेलियासारखं गोल, सोनेरी फूल. पाकळ्या जणू कुणी मोजून कापल्यासारख्या. वर कोपऱ्यात चंद्रसुद्धा.

"चंद्र दाखव मला," जुई म्हणाली. "दाखव ना! कुठाय?"

मी वर पाहिलं. चंद्र उगवायला अजून बराच अवकाश होता.

"आणि हे फूल? आत्याच्या गोळ्याचं कणीस झालं होतं, आई. देठ होता, वर वाकलेलं कणीस होतं. तू पण बघितलंस ना?"

बघितलं होतं. म्हणूनच मला कळेना, जे आकाशात नव्हतं ते फोटोत आलं कुठून?

ऋतुजा ही माझी नणंद, म्हणजे जुईची ऋतूआत्या. ती शोभेचं दारूकाम करते. हल्ली बहुतेक गावांच्या जत्रांत दिवे लावलेले ड्रोन उडतात. आमच्या सोनवडीत मात्र परवाना काढून, कमी धुराची दारू वापरून, अजून खरे गोळे उडवले जातात. लोखंडी नळीतून गोळा वर जातो, फुटतो, आणि आत भरलेले दारूचे दाणे जळत जळत आकाशभर पसरतात. सगळेजण गोल फुलं करतात. ऋतूने यंदा ज्वारीचं कणीस केलं होतं. वर जाताना देठाची रेघ उमटायची, मग दाणे एका बाजूला झुकत सावकाश खाली यायचे. "भरलेलं कणीस ताठ उभं राहतं का वहिनी?" असं ती मला वर्षभर म्हणत होती आणि गोळे करून करून मोडत होती. शेवटी तीनच गोळे तिच्या मनासारखे झाले.

पण खरी गंमत पुढेच आहे, म्हणजे गंमत नाहीच. जी माणसं गोळे उडवतात त्यांना आपला गोळा दिसतच नाही. डोक्यावर शिरस्त्राण, मान खाली आणि नजर पुढच्या नळीवर. वर बघत बसलं तर हात भाजायचा. आत्याने आजवर स्वतःचा एकही गोळा फुटताना नीट पाहिलेला नव्हता. "मी तुला दाखवते," असं जुईने तिला वचन दिलं होतं. तीन गोळ्यांतला एक आता संपला होता, आणि हातात होतं भलतंच फूल.

"का केलंस असं?" जुईने फोनलाच विचारलं.

"आकृती एका बाजूला वाकडी होती," फोन गोड आवाजात म्हणाला. "मी ती सुंदर केली आहे. आणखी सुधारू का?"

"तुला सांगितलं होतं कुणी?"

खरं सांगते, माझंही डोकं फिरलं. कुठेतरी बसून कुणीतरी ठरवून टाकलं होतं की माझ्या मुलीला जे दिसलं ते पुरेसं देखणं नाही. पण आईला आधी मुलीला समजावावं लागतं, मग स्वतः रागवायचं.

"हे बघ," मी म्हटलं, "अंधारात फोनला फार थोडा उजेड मिळतो. म्हणून तो डोळ्यांची उघडझाप केल्यासारखे भराभर खूप फोटो काढतो, ते एकावर एक ठेवतो, आणि जिथे कमी पडलं तिथे अंदाज भरतो. त्याने लाखो आतषबाज्यांचे फोटो पाहिलेत. त्यातली बहुतेक फुलं गोल. मग त्याला वाटलं, हेही गोलच असणार."

"म्हणजे त्याने बघितलंच नाही! आठवलं नुसतं!"

असं म्हणून तिने डोक्यावरची काळी कानटोपी ओढून काढली आणि जमिनीवर आपटली. ती टोपी मी तिला बळेबळे घातली होती, कारण ठिणगी कुठून कशी येईल सांगता येत नाही. ती सकाळपासून फुगलेलीच होती. जत्रेसाठी तिने दारात रांगोळीचं जहाज काढलं होतं, आणि चुलत बहिणींनी त्याच जागेवर आपले मोर आणि कमळं काढून सगळ्याचा शेवयांसारखा गुंता केला होता.

"सूचना. दोरीच्या मागे राहा," मागून आवाज आला.

टोपी गर्दी अडवायला बांधलेल्या पिवळ्या दोरीपलीकडे पडली होती, आणि ती उचलायला जुई तिकडे गेली होती. मी झटकन तिचा दंड धरून तिला टोपीसकट अलीकडे ओढलं. समोर तीन पायांचा, गुडघ्याएवढ्या डोक्याचा एक जुना यंत्रमानव उभा होता. त्याला गावात सगळे तिपाई म्हणतात. पूर्वी तो धरणावर पाण्याची पातळी मोजायचा. आता जत्रेत गर्दी आवरतो.

"तुलाही डोळा आहे ना?" जुई त्याच्यावर खेकसली. "तूही सुधारतोस का सगळं?"

"मला सुधारता येत नाही," तिपाई म्हणाला. "माझ्या डोळ्यात भिंग आहे, झडप आहे (झडप म्हणजे उजेडाला आत सोडणारा आणि अडवणारा पडदा) आणि पाटी आहे (जिच्यावर उजेड पडून चित्र उमटतं). जे पडतं ते मी देतो. त्यामुळेच मला धरणावरून काढलं. नवे यंत्रमानव पाणी न बघताही पातळी सांगतात."

जुईचा राग क्षणभर अडखळला. "मग आत्याचा पुढचा गोळा काढ. तू हलू नकोस फक्त."

"मला हलायची सवय नाही," असं म्हणत तिपाईने तिन्ही पाय जमिनीत रोवले. फोटोसाठी हे फार मोलाचं. झडप उघडी असताना कॅमेरा थरथरला तर आकाशातली सरळ रेघही नागमोडी उमटते. मी जागा धुराच्या भीतीने जिकडून वारा येत होता त्या अंगाला निवडली होती. तीही कामी आली, कारण धूर आमच्यापासून लांब जात होता आणि आकाश स्वच्छ होतं. तिपाईने डोंगरावरच्या देवळाच्या दिव्यावर नजर रोखली, तो दिवा बारीक आणि स्पष्ट दिसेपर्यंत भिंग फिरवलं आणि तिथेच पक्कं केलं. अंधारात भिंगाला शोधाशोध करायला लावलं की नेमका गोळा फुटताना ते आंधळं होतं.

दोन छोट्या शिट्ट्या वाजल्या. आपला गोळा पेटवण्याआधी शिट्टी वाजवायची, असा दारूकामाचा नियमच आहे, आणि दोन शिट्ट्या म्हणजे ऋतू. तिपाईने झडप उघडली. सूंऽऽ करत कणीस वर गेलं, वाकलं, ओघळलं. पाठोपाठ दारूकाम करणाऱ्या दुसऱ्या मंडळाचे पांढरे गोळे फुटले. तिपाईने सावकाश झडप मिटली आणि पोटावरच्या पडद्यावर फोटो दाखवला.

पडद्यावर पांढराफटक ढीग होता. कुणीतरी पीठ सांडल्यासारखा.

"हे काय आहे?" जुई किंचाळली. "कणीस कुठाय?"

"जे पडलं ते दिलं."

"रात्र आहे, मग एवढा उजेड आला कुठून?"

मीही गोंधळले. रात्रीचा फोटो म्हणजे जास्तीत जास्त उजेड आत घ्यायचा, एवढंच मला ठाऊक. तिपाई म्हणाला, "धरणावर अंधारातलं पाणी दिसावं म्हणून मी भिंगामागचं छिद्र पूर्ण उघडं ठेवायचो आणि पाटीची संवेदनशीलता (थोडक्या उजेडालाही दाद देण्याची ताकद) खूप वाढवायचो. इथेही तसंच केलं."

"पण आपल्याला अंधाराचा फोटो कुठे हवाय?" जुई म्हणाली. मग, जरा हळू, "आकाश काळं आहे. ठिणगी काळी नाहीये. ती तर केवढी झगझगीत असते."

"मग छिद्र बारीक करू? संवेदनशीलता उतरवू?"

"कर."

"तसं केलं तर देठाची रेघ फिकी होईल का?" मी विचारलं. "मग झडप जास्त वेळ उघडी ठेवावी लागेल?"

जुई खाली बसली. तिने मातीची चिमूट उचलली आणि दात-ओठ खात जमिनीवर एक रेघ ओढली. मग चिमूट सैल करून दुसरी. पहिली बारीक आली, दुसरी जाड.

"बघ आई. ठिणगी म्हणजे रांगोळी घातलेली चिमूट, आणि पाटी म्हणजे अंगण. चिमूट पुढे सरकते, रेघ मागे राहते. फोटो काय, रांगोळी काय, दोन्ही आपण काढतोच ना! रेघ किती जाड येणार हे चिमटीवर आहे. अंगण दिवसभर पडून राहिलं तरी काढलेली रेघ जाड होते का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग छिद्र म्हणजे चिमूट. ते बारीक, म्हणजे रेघ बारीक आणि सोनेरी. मोठं, म्हणजे ढीग. आणि झडप..." तिचे डोळे एकदम लाल झाले. "झडप जास्त वेळ उघडी राहिली की बाकीच्या सगळ्या येऊन त्याच अंगणात आपले मोर काढतात!"

"गिचमिड," तिपाई म्हणाला.

"गिचमिड!" जुई ओरडली. सकाळचा सगळा राग त्या एका शब्दात होता.

आता अडचण उरली एकच. शेवटचं कणीस शेवटच्या फेरीत होतं, आणि त्या फेरीत सगळी मंडळं एकामागून एक गोळे सोडतात. तिपाईची झडप जुनी. मिटायला बराच वेळ घेते, आणि तेवढ्यात दुसऱ्यांचे गोळे आत शिरतात.

"मग मिटूच नकोस," जुई म्हणाली आणि जमिनीवरून कानटोपी उचलली. "उघडी ठेव. मी टोपीने झाकते. आत्याच्या वेळी काढते, लगेच परत झाकते."

"भिंगाला टोपी लावू नकोस, समोर धर. धक्का लागता कामा नये," तिपाई म्हणाला. "तुझा हात थरथरतो आहे."

"मला राग आलाय!"

"राग पायात ठेव. जमिनीला सवय आहे."

तिने पाय रोवले. मी तिच्या मागे उभी राहिले. तिचे कान, तिचे केस, दोरी आणि वारा, मी सगळं एकदमच बघत होते. मंडळांचे गोळे फुटू लागले. हिरवे, पांढरे, लाल, प्रत्येक धडाडण्याला मी दचकत होते. जुई मात्र टोपी धरून दगडासारखी.

दोन शिट्ट्या.

"आता," मी म्हणणार होते. ओठ दाबून धरले. वचन तिचं होतं, हातही तिचाच असायला हवा होता.

नळीतून ठिणगी निघाली तशी जुईने टोपी बाजूला केली. देठ वर चढला. थांबला. कणीस उमललं, वाकलं, एकेक दाणा सोनेरी धागा सोडत खाली आला. पलीकडून दुसऱ्या मंडळाचा गोळा सूंऽऽ करत निघाला. कणसाचं टोक अजून विझत होतं. झाक, झाक ना, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. शेवटचा दाणा विझला. टोपी भिंगासमोर आली, आणि त्याच क्षणी आकाश पांढरं झालं.

तिपाईने झडप मिटली. आमच्यापैकी कुणी पडद्याकडे बघेना.

"जे पडलं ते दिलं," तो म्हणाला.

काळं आकाश. खालून वर गेलेला एक सलग देठ. वर, उजवीकडे झुकलेलं कणीस. आधी दाणे वेगाने निघाले होते, म्हणून तिथल्या रेघा केसासारख्या. खाली ते रेंगाळले, म्हणून टोकं जाड, टपोरी. पण डाव्या अंगाला एक भोक होतं, आणि एक वेडी ठिणगी तर भलतीकडेच गेली होती.

गोळे संपल्यावर ऋतू आली. तोंड काळं, भुवया राखेने पांढऱ्या. जुईने आधी फोन पुढे केला.

"छान आहे," ऋतू म्हणाली. "कुणाचं हे?"

"कुणाचंच नाही," जुई दात आवळून म्हणाली. मग तिला तिपाईच्या पोटापुढे उभं केलं.

ऋतू खाली धुळीतच बसली, पडद्याशी नाक नेऊन.

"अगं, वाकलंय की."

"हो."

"खरंच वाकलंय, वहिनी!" ती हसायला लागली. मग एकदम तिचा चेहरा बदलला आणि काळं बोट पडद्यावर आपटलं. "आणि हे काय? इथले दाणे पेटलेच नाहीत! मूर्ख मी. तरी म्हणत होते, या बाजूला दारू ओलसर राहिली. तीन वर्षं गोळे करतेय, कुणी मला कधी चूक सांगितली नाही. सगळे आपले छान छान!"

"सांगणार कोण?" जुई म्हणाली. "सगळ्यांच्या फोनने भोक बुजवलं असणार."

फोन माझ्या पिशवीतून म्हणाला, "डावी बाजू भरून देऊ का?"

"गप्प!" आम्ही तिघीही ओरडलो. चिरमुऱ्याच्या आज्या पुन्हा दचकल्या.

ऋतूने तिपाईकडे वर पाहिलं. "तू कुणाकडे कामाला आहेस रे?"

"जत्रा संपली की कुणाकडेच नाही. मला सुधारता येत नाही."

"मग उद्यापासून माझ्याकडे ये," ऋतू म्हणाली. "सुधारायचं काम मी करते. मला फक्त बघणारा हवा होता."

तिपाईने जमिनीत रोवलेले पाय एकेक करून सोडवले. जुईने कानटोपी झटकली आणि माझ्याकडे न बघता, स्वतःच डोक्यावर घातली.

"पण सकाळी आधी आमच्या दारात ये," तिने तिपाईला बजावलं. "मी नवं जहाज काढणार आहे. तुझं काम सांगते. दारात उभं राहायचं आणि कुणाला त्यावर पाय ठेवू द्यायचा नाही."

"दोरीच्या मागे राहा," तिपाई म्हणाला.

"हां," जुई म्हणाली. "अगदी असंच. पण जरा रागावून."