धुक्यात गेलेली होडी

“होडी दिसली का रे?” अवंतिकाने विचारलं.

“होडी सोड, मला माझे पायसुद्धा दिसत नाहीयेत!” तिचा मित्र वेदांग म्हणाला.

खरंच होतं ते. नाताळच्या सुट्टीतली ती सकाळ अगदी दुधात बुडून गेली होती. भेडाघाटचे संगमरवरी कडे, नर्मदा, घाटाच्या पायऱ्या, सगळं विरघळलं होतं. एरवी बारा वर्षांच्या अवंतिकाला असं धुकं फार आवडायचं. त्यात उभं राहिलं की आपण कुणाच्या तरी स्वप्नात शिरलोय असं तिला वाटे. पण आज त्या धुक्यात तिचे आजोबा होते!

मराठी मंडळाच्या वार्षिक सहलीत भय्यासाहेब आजोबा आणि त्यांचे चार मित्र साडेसातला नावाडी हल्केभैयाच्या होडीत बसले, तेव्हा धुकं विरळ होतं. आता नऊ वाजून गेले, तरी होडीचा पत्ता नव्हता. त्यात जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाने इंटरनेटवरच्या आपल्या पानावर सूचना टाकली होती: दहा वाजता वरच्या धरणातून पाणी सोडणार, नदीत कुणी थांबू नये.

अवंतिकाने क्षमाआत्याच्या फोनवरून कक्षाला केव्हाच कळवलं होतं. पथक निघालंय, असं उत्तरही आलं होतं. एवढ्यात तिची धाकटी बहीण समिधा ओरडली, “दीदी, पथक परत चाललंय! हे बघ!”

कक्षाने लिहिलं होतं, ‘होडी सुखरूप परतल्याचे अनेकांनी कळवले आहे.’ सोबत मंडळाच्या पानावरचा फोटो. होडीत हसणारे आजोबा आणि वर ओळ: ‘नौकाविहार आनंदात! सगळे मजेत परतले!’

“चलो, सुटलो!” वेदांगने उडी मारली.

“थांब रे! फोटोत लख्ख ऊन आहे. आज ऊन पडलंय कुठे?” अवंतिका म्हणाली.

तिघं धावत पियूषकाकांकडे गेली. मंडळाचं पान तेच सांभाळायचे. या वेळी मात्र ते मोठ्या तन्मयतेने पोहे वाटत होते.

“काका, हा फोटो कधीचा?”

“मागच्या वर्षीचा. काहून? पोस्ट मी परवाच लिहून ठेवली, नऊची वेळ लावून. दरवर्षी तेच तर होते! आता मी पोहे वाटून राहिलो ना!”

“काका, होडी आलीच नाही अजून!”

काकांच्या हातातला डाव पातेल्यात पडला. कक्षाचा फोन लावला, तर तो सारखा व्यस्त!

“मी लिहिते,” अवंतिका म्हणाली.

“नुसतं ‘वाचवा’ लिहू नको दीदी,” समिधा म्हणाली, “होडी कुठे आहे तेही लिही.”

कुठे? अवंतिकाने डोळे मिटले. पाण्याची खळखळ, मग शांतता, आणि मग फार दुरून, गुंगीत ऐकू यावा तसा एक आवाज: “दाएँ देखो, बाएँ देखो, आज तो भैया कुछ ना देखो!”

“हल्केभैया!” तिघंही एकदम ओरडली. होडी वल्हवताना यमकं जुळवत बोलायची त्याची सवयच होती.

आत्याला घेऊन मुलं काठावरच्या पायवाटेने निघाली. जिथे आवाज सगळ्यांत स्पष्ट आला, तिथे अवंतिका थांबली. तिने जागेचा नकाशा पाठवला, तो आवाज टिपून जोडला आणि लिहिलं, ‘फोटो मागच्या वर्षीचा. होडी परतली नाही. सहा माणसं. इथून आवाज येतोय, ऐका!’

मिनिटभरात उत्तर आलं. ‘बेटा, वहीं रुको, आवाज देते रहो. पथक वळलंय. शर्मिला.’

मग काय! तिघांनी घसा फाटेस्तोवर हाका मारल्या. शेवटी पथकाची केशरी होडी धुक्यातून आली आणि आवाजाच्या रोखाने दिसेनाशी झाली. दहाला बारा मिनिटं असताना ती परतली. हल्केभैयाची होडी वल्हं मोडून दोन खडकांत अडकली होती. सहाही जण गारठले होते, पण धडधाकट होते.

पियूषकाकांनी कान धरून माफी मागितली आणि ती पोस्ट सगळ्यांसमोर पुसून टाकली. कक्षाच्या गाडीतून उतरलेल्या शर्मिलादीदींनी मुलांची पाठ थोपटली. “सकाळपासून शेकडो निरोप आले, पण स्वतः ऐकून, नीट बघून कळवलेला हा एकच! शाबास! चला, सगळे सुखरूप असल्याचा फोटो टाकू या. आत्ताचा!”

इतका वेळ एक टिपूसही न काढलेली अवंतिका आजोबांच्या ओल्या कोटात तोंड खुपसून हुंदके देत होती. आजोबांनी हात वर केला.

“घ्या ना फोटो,” ते म्हणाले, “पण माझ्या पोरीचं रडून होऊ द्या आधी.”