एकोणीस तारखेचं बिऱ्हाड

"आजी, मला फसवलंय," म्हणत बांग ह्योसप आत शिरला, तेव्हा कु बोकशिल भाजलेलं रताळं सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"कुणी? स्वतःचं नाव सोडून सांग."

हीटरपाशी बसलेला मा पानसू फिसकन हसला. तीस वर्षं इंचनच्या रस्त्यांवर बस चालवून तो निवृत्त झाला होता आणि आता बोकशिलला आपल्या जुन्या गाडीतून हिंडवत होता. गाडी चालवण्यात तो वाकबगार होता. डोकं चालवण्याचं काम तिच्याकडे होतं.

चाळीस वर्षं या दुकानात तिने घरांची दलाली केली. तेव्हा गिऱ्हाइकाला सोबत घेऊन गल्लीबोळ तुडवावे लागत. कुणाच्या घरी भांडण आहे, कुणाची मोरी तुंबते, हे चालता चालता कळे. आता लोक फोनवर बोट फिरवून घर घेतात आणि मग रडत हिच्याकडे येतात. म्हणून तिने पाटी बदलली होती : घरांची चौकशी.

ह्योसप एकतीस वर्षांचा. आई बाजारात लोणची-भाज्या विकायची. तिने गाळा घ्यायला साठवलेले पैसे उचलून पोराने 'चार रविवारांत घरमालक' नावाचा वर्ग केला होता आणि कोर्टाच्या लिलावात जुआन भागातला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट नऊ कोटी वोनला जिंकला होता.

"आणि आत बाई निघाली," बोकशिल म्हणाली.

"तुम्हाला कसं कळलं?"

"स्वस्त घरात नेहमी बाई निघते. पुढे."

बाईचं नाव थाक जोंगनान. मासिक भाडं नको म्हणून भाडेकरू मालकाकडे भली मोठी अनामत ठेवतात, तशी आपण बारा कोटी ठेवली, असं तिचं म्हणणं. तिचं नाव त्या पत्त्यावर दोन हजार एकोणीसच्या फेब्रुवारीत चढलेलं. बँकेचा बोजा त्यानंतर, मार्चमधला; हक्क तिचा आधीचा. म्हणजे बारा कोटी नव्या मालकाच्या गळ्यात.

"कोर्टाच्या कागदात तिचं नाव नव्हतं?"

"होतं. पण वर्ग घेणारे मेंग सर म्हणाले, जुन्या मालकाची बहीण आहे, फुकट राहते, थोडे पैसे दिले की जाईल. आता तेच म्हणतात, बयाणा सोडून दे, शिकवणीची फी समज. शुक्रवारी उरलेले पैसे भरायचेत. भरले तर बारा कोटींचा धोंडा, नाही भरले तर नव्वद लाख बुडाले. आईने अजून विचारलं नाही, पण..."

"विचारेल. आया विचारतात." बोकशिलने रताळ्याचं साल कचऱ्यात टाकलं. "नुसतं नाव चढून भागत नाही. माणूसही बोज्याच्या आधी राहायला आलेला लागतो. पानसू, गाडी काढ."

थाक जोंगनानने दार उघडलं ते ओठ घट्ट मिटून. घर नीटनेटकं होतं. भिंतीवर लाकडी क्रॉस, त्याखाली चर्चचं कॅलेंडर, टेबलावर बायबल.

"कधी आलात राहायला?"

"एकोणीस फेब्रुवारी दोन हजार एकोणीस." उत्तर तयारच होतं. "भुतं नसतात त्या दिवशी बिऱ्हाड हलवायचं असतं ना, म्हणून तो दिवस धरला. हमालांनी दुप्पट पैसे घेतले. आधी भाताचा कुकर आत ठेवला, मग काळ्या नूडल्स मागवून इथेच जमिनीवर खाल्ल्या."

"अगदी रीतसर," बोकशिल म्हणाली.

जिना उतरताना पानसू हळूच म्हणाला, "ताई, बाई खरं बोलतेय. लग्नानंतर आम्हीही चांद्र दशमीची वाट बघत तीन आठवडे सासऱ्याकडे पडून होतो. तेव्हाही दुप्पट पैसे गेले."

"तीन आठवडे सासऱ्याने सांभाळलं तुला? देवमाणूस."

तळमजल्यावर यु आजी पायरीवर बसून शेपू निवडत होती. वय ऐंशीच्या पुढे. बोकशिल न विचारता तिच्याशेजारी बसली आणि एक जुडी ओढून निवडू लागली. पानसू उभाच राहिला. अर्धा तास दोघी गुडघ्यांबद्दल बोलल्या.

"म्हातारे कधी गेले?" बोकशिलने विचारलं.

"दोन हजार एकोणीसच्या एप्रिलात. शेवटच्या देबोरमच्या सणाला पाच धान्यांचा भात मागितला त्यांनी. म्हणाले, सगळ्यांना वाट. शेजारच्या घरचा भात खाल्ला की वर्ष बरं जातं ना. मी वाडगे घेऊन प्रत्येक दारात गेले. तिसऱ्या मजल्यावर कुलूप. सकाळीही कुलूप, चंद्र बघायला गच्चीवर गेले तेव्हाही कुलूप. तो वाडगा परत आणला तर हे रागावले माझ्यावरच."

"आणि आता वरची बाई?"

"ती कोर्टाची नोटीस चिकटल्यावर आली. गेल्या पावसाळ्यानंतर. बोलत नाही. एक पांढऱ्या बुटांचा माणूस येतो तिच्याकडे. बूट मळतील म्हणून जिन्यात टाचांवर चालतो. दुसऱ्या मजल्यावरचे दोन्ही फ्लॅट त्याच्याच कंपनीने घेतलेत म्हणे."

मेंग सेजुनच्या वर्गात कॉफीचा वास आणि खोट्या पानांची झाडं होती. सदतीस वर्षांचा, गुळगुळीत, पायांत दुधासारखे पांढरे बूट.

"ह्योसप भावनिक झालाय," तो म्हणाला. "गुंतवणूकदाराने भावनिक होऊ नये. त्याच इमारतीत माझ्या आणखी दोन विद्यार्थ्यांनी बयाणा सोडलाय. शिकले."

बोकशिल भिंतीवरचं मोठं कॅलेंडर बघत होती. दर महिन्यात नऊ, एकोणीस आणि एकोणतीस या तारखांना लाल गोल होते.

"हे काय?"

"सह्या करायचे शुभ दिवस. भुतं नसतात त्या दिवशी. जुन्या लोकांना बरं वाटतं." तो हसला. "परंपरेचा आदर ठेवतो मी."

"दिसतंय," बोकशिल म्हणाली.

गुरुवारी दुपारी तिने सगळ्यांना थाक बाईच्याच घरी बोलावलं. ह्योसप कोपऱ्यात नखं खात बसला. मेंगने बूट दाराशी कागदावर ठेवले. यु आजीने ते पाहिलं आणि पानसूला कोपर मारलं.

"बाई," बोकशिल म्हणाली, "भिंतीवर क्रॉस आहे. चर्चमध्ये भुतांच्या तारखा मानतात?"

"नाही... पण तेव्हा..."

"तेव्हा मानत होता. ठीक. मग कुठली तारीख पाळतात, ते माहीत असेल."

"ज्यात नऊ येतो ती. नऊ, एकोणीस."

"कशातली एकोणीस?"

थाक बाईची नजर मेंगकडे गेली. तो खिडकीबाहेर बघत होता.

बोकशिलने पिशवीतून जुनं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. दोन हजार एकोणीसचं. ती कॅलेंडरं टाकत नसे. "मोठा आकडा बघ, पानसू. फेब्रुवारी एकोणीस. त्याखालचा बारीक आकडा वाच, चांद्र तारखेचा."

पानसूने चष्मा चढवला. "पंधरा. पहिला महिना, पंधरा." त्याचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे... देबोरम?"

"वर्षाची पहिली पौर्णिमा. भुतं नसतात ती चांद्र तारीख, नऊ नि दहा, एकोणीस नि वीस. हमाल दुप्पट पैसे त्या दिवशी घेतात, पौर्णिमेला नाही. जिने खरोखर दिवस पाहून बिऱ्हाड हलवलं, ती ही चूक करणार नाही. जिला पाळायचंच नाही, ती दिवस पाहणार नाही. ही चूक फक्त एकच माणूस करेल, ज्याला रीत कानावरून माहीत आहे आणि बारीक आकडा वाचायचा कंटाळा आहे. त्याच्या भिंतीवर दर महिन्याला मोठ्या एकोणीसला लाल गोल असतो."

मेंग म्हणाला, "हा काही पुरावा नाही."

"नाही. पुरावा भाताचा वाडगा आहे." तिने यु आजीकडे हात केला. "त्याच दिवशी, सकाळी आणि रात्री, या दाराला कुलूप होतं. मेलेल्या नवऱ्याचा शेवटचा सण बाई विसरत नाही. जुन्या मालकाच्या, म्हणजे भावाच्या पत्त्यावर हिचं नाव चढलं होतं, माणूस चढला नव्हता. मग या शहाण्याला ते नाव सापडलं. पोरांना लिलावात ढकलायचं, बाईला पुढे करून घाबरवायचं, बयाणा सोडायला लावायचा. घराला कुणी हात लावेनासं झालं की भाव पडतो, आणि पांढरे बूट टाचांवर चालत येतात. खालचे दोन फ्लॅट असेच घेतलेस ना रे?"

"सगळे असंच करतात," मेंग म्हणाला.

"सगळे नाही. ज्यांना दुसरं काही येत नाही ते."

थाक बाई रडू लागली. "भाऊच म्हणाला, फक्त राहा. दिवस यांनी सांगितला. कुकरचंही यांनीच सांगितलं." बोकशिलने तिच्यापुढे कागद सरकवला. बाईने लिहून दिलं, सही केली. मेंगने बूट घातले, या वेळी अख्खे तळवे टेकवत तो जिना उतरला. खाली पानसूचा पोलिसातला भाचा उभा होता.

ह्योसपच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "म्हणजे उद्या पैसे भरू? घर माझं? आजी, मग पुढचं कुठल्या भागात बघू? मी एक यादी केलीय..."

बोकशिलने त्याच्याकडे शिळ्या भाताकडे बघावं तसं पाहिलं.

"आईच्या पैशांनी घर घेतलंस. लिलावाआधी इथे किती वेळा आलास?"

"एकदा. फोटो काढायला."

"तळमजल्यावर कोण राहतं, विचारलंस?"

"त्याचा काय संबंध? वर्गात ते नव्हतं."

यु आजी भिंत धरत उठली, तिचे गुडघे कुरकुरले. पानसूने पुढे होऊन तिला हात दिला आणि दारातून वळून म्हणाला, "बाळ, राहायला आलास की आधी कुकर आण. मग एक वाडगा भात या आजींच्या दारात. कुठल्या दिवशी ते आम्ही सांगू. तू मोजू नकोस."

बोकशिलने कॅलेंडरची गुंडाळी केली. पानसूला काहीतरी कळलं होतं, हे तिने मनात नोंदवून ठेवलं. पण त्याला सांगितलं नाही.